लोलकापाशी ड्युटी

आता पुण्यात राहत नाही तरी फेब्रुवारी संपत आला की आयुकातला, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतला, विज्ञान दिन आठवतोच. रामन परिणाम २८ फेब्रुवारी १९२८ चा, विज्ञान दिन १९८७ पासून, हे दरवर्षी कोणीतरी माइकवरून सांगायचंच, ते सोडा.

मी तेव्हा विद्यापीठात संशोधन करत होतो आणि माझी ड्युटी ठरलेली, फूकोच्या लोलकापाशी, म्हणजे उंचावरून टांगलेल्या, झुलणाऱ्या जड गोळ्यापाशी. लोलक आपल्या दिशेतच झुलतो, खालची जमीन फिरते, म्हणून त्याची दिशा बदलताना दिसते, ध्रुवावर पूर्ण फेरा साधारण २४ तासांत आणि पुण्यात जवळपास ७५ तास, हे सकाळपासून इतक्या वेळा सांगायचो की दुपारी घसा बसायचा. शाळांच्या रांगा संपायच्या नाहीत. बाजूच्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे, तिथे फोटो काढणाऱ्या बाई आणि हरवलेली पोरं, तेही आमच्याच गळ्यात.

पण माझा जीव अडकलेला असायचा चंद्रशेखर सभागृहातल्या मराठी व्याख्यानात, त्यातही व्याख्यानात कमी आणि नंतरच्या प्रश्नांत जास्त. एका वर्षी सहावी-सातवीतली एक मुलगी उठली, माइक स्टँडवर, तिच्या डोक्याच्या वर. म्हणाली, विषुववृत्तावर लोलकाची दिशा बदलतच नाही म्हणता, मग तिथल्या माणसाला पृथ्वी फिरते हे कसं कळायचं? सभागृह हसलं. व्याख्याते मात्र हसले नाहीत, स्टेजवरून खाली आले, तिच्याशेजारी उभे राहून म्हणाले, चल आपण दोघं मिळून शोधू, आणि दहा मिनिटं नुसता तिच्याशीच संवाद. मी मागे दारात उभा होतो, लोलक वाऱ्यावर सोडून. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

नारळीकर सरांकडे सही मागायला गेलं की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराबरोबर सही मिळेल, हे तेव्हा सगळ्या पोरांना पाठ असायचं. त्या मुलीनेही पाठवलं असेल असं मला उगाच वाटतं.

पुढे मी ज्या कॉलेजात लागलो तिथल्या सेमिनारला आठ माणसं, त्यातली पाच चहा-बिस्किटासाठी. सीनियर मंडळी तर बोर्डावरची नोटीससुद्धा वाचत नाहीत. असो, राग आहे, जात नाही.

मदतीला कोण कोण होतं ते लिहायलाच हवं. साउंडवाले काका, नाव नोंदवणाऱ्या टेबलावरच्या मुली, चहाचे थर्मास भरत राहणारी कॅन्टीनची पोरं, आदल्या रात्री पोस्टर चिकटवणारे ज्युनियर, रात्री दुर्बिणीपाशी थंडीत उभे राहणारे हौशी मंडळी, बसगाड्या लावून घेणारे सिक्युरिटीवाले, संध्याकाळी कागद-रॅपर वेचणाऱ्या मावशी. माळीकाका! त्यांच्या लॉनवरून अख्खं पुणं चालून जायचं.

आणि त्या मुलीला माइकपर्यंत पोचायला ज्यांनी बाहेरून स्वतःचं स्टूल आणून दिलं ते वॉचमनकाका, पुढचा सगळा वेळ ते उभेच होते.