बुकिंग ६.७ टक्क्यांवर, ताबा ९.२ टक्क्यांवर

मार्च २०२२ मध्ये पुण्याजवळच्या पुनावळ्यात टू-बीएचके बुक केला तेव्हा घरकर्जाच्या मंजुरीपत्रावर ६.७ टक्के व्याज होतं. चाळीस लाख, वीस वर्षं, हप्ता साधारण ३०,३००. इमारतीचा पायाच चालू होता, त्यामुळे बँक स्लॅबप्रमाणे पैसे सोडणार आणि ताब्यापर्यंत आम्ही सुटलेल्या रकमेवरचं नुसतं व्याज, म्हणजे प्री-ईएमआय, भरणार होतो.

४ मेला रिझर्व्ह बँकेने ठरलेली बैठक नसताना रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ४.४० केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला. आमचं कर्ज रेपोला जोडलेलं, त्यामुळे अडीच टक्के जसेच्या तसे आमच्या डोक्यावर. वीस लाख सुटले होते तेव्हा महिन्याचं व्याज ११ हजारांवरून १५ हजारांच्या पुढे गेलं. वर घरभाडं होतंच.

साइटवर डिमांड लेटर, म्हणजे बिल्डरचं पुढच्या पैशांचं मागणीपत्र, घ्यायला गेलो की सेल्स ऑफिसचा मुलगा मोकळेपणाने बोलायचा. त्याचं दुखणं वेगळं होतं. "साहेब, टू-बीएचकेवाले कुरकुरतात पण घेतात. वन-बीएचकेवाल्यांचं लोनच बसत नाही." घरी हिशेब केला, तर खरंच. ३०,३०० चा हप्ता झेपणाऱ्याला ६.७ टक्क्यांनी चाळीस लाख मिळायचे, ९.२ टक्क्यांनी तेहतीसच. वरचे सात लाख रोख आणणार कुठून? बिल्डर चौरस फुटाचा भाव मात्र उतरवत नव्हता. उतरवला असता तर आमच्यासारखे आधीचे गिऱ्हाईक दारात उभे राहिले असते! त्याऐवजी 'स्टॅम्प ड्यूटी आमच्याकडून' असा बोर्ड लागला. शेजारच्या टॉवरचं लाँचिंग मात्र लांबलं, कारण बिल्डरचं स्वतःचं कर्जही महागलं होतं.

२०२४ च्या सुरुवातीला ताबा आला आणि पूर्ण हप्ता सुरू व्हायची वेळ आली. जुना ३०,३०० तर विसराच, चाळीस लाखांवरचं एका महिन्याचं व्याजच ३०,६६७ होत होतं. बँकेतल्या बाईंनी सुचवलं, मुदत तीस वर्षं करा, हप्ता ३२,८०० च्या आत बसेल. वीस वर्षांना तो ३६,५०० होता. महिन्याला पावणेचार हजार वाचतात म्हटल्यावर बायकोही क्षणभर हलली. मग शेवटपर्यंतची बेरीज मांडली: वीस वर्षांत एकूण भरणा साधारण साडेसत्याऐंशी लाख, तीस वर्षांत एक कोटी अठरा लाख. वीसच ठेवली. घरभाडं थांबलं होतं, म्हणून जमलं. फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, तेव्हा बोनस आला की थेट मुद्दलात टाकतो.

२०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एक टक्क्याने उतरला. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, आम्हीही बदल मागितला नाही. शेजारचा टॉवर आता उभा राहतोय. त्यात वन-बीएचके नाहीत.