कान्हेरीला चपला का काढते

"तिथे ना पूजा, ना आरती. चपला काढा अशी पाटीसुद्धा नाही. मग तूच एकटी का काढतेस?" कान्हेरीला, म्हणजे बोरिवलीजवळच्या बौद्ध लेण्यांत, माझ्याबरोबर आलेल्या प्रत्येकाने हे विचारलंय, अगदी सख्ख्या जावेनेही. दरवेळी "सवय आहे" म्हणून वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

3 क्रमांकाच्या मोठ्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, सगळेच आपोआप गप्प होतात. माझं बोलणं शेजारच्या 4 क्रमांकाच्या लेण्याबद्दल आहे. एवढीशी खोली, आत एकच स्तूप, बाहेर जंगल. लोक डोकावतात नि पुढे जातात.

कॉलेजात असताना पप्पा मला आणि दोन मैत्रिणींना घेऊन गेले होते. पावसाचे दिवस. पप्पा बाहेर पाण्याच्या टाक्यापाशी रमलेले. शिलालेखात टाक्याला 'पोढी' म्हणतात, कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचं इथे कोरलंय, हे ते भेटेल त्याला सांगायचे. आत मी स्तूपाला टेकले, एक पाय मागे दुमडून स्तूपावर रोवला आणि फोटो काढून घेतला. वळून बघते तर पप्पा दारात.

ओरडले नाहीत. खिशातून पांढरा रुमाल काढला, खाली बसले आणि माझ्या सँडलचा स्तूपाला लागलेला चिखल पुसायला लागले. दगड खडबडीत, चिखल खाचांत गेलेला. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळून ते एकेक खाच पुसत होते. मैत्रिणींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणून तावात बोलले, "हे देऊळ थोडंच आहे? 1956 च्या धर्मांतरानंतर आजीनेच ना घरातले देव नदीत सोडले?"

"पूजा नको म्हटलं होतं," पप्पा म्हणाले, "पाय लावा नव्हतं म्हटलं."

बोरिवली स्टेशन येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

माझा मुद्दा चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. दगडाला मान द्यायला बुद्धाने कुठे सांगितलंय? मी धार्मिक नाही, चपला काढल्याने पुण्य लागतं असंही मानत नाही. पण त्या सोनाराने आपल्या कमाईतून कुणा अनोळखी भिक्खूच्या तहानेची सोय केली. असल्याच दानांवर ही लेणी उभी राहिली. तिथे पाय रोवताना मला हे माहीत होतं, पप्पांकडून दहादा ऐकलेलं होतं. तेच जास्त लागतं.

पप्पा आता नाहीत. तो फोटो आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी तिथेच, तशीच पाय दुमडून उभी होती. मी काही बोलले नाही. ती गेल्यावर रुमाल काढून पुसलं. बोलायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.