कोबेमध्ये एकटीनं स्टेक खायला जाताना

कोबेला जाऊन तिथलं बीफ खायचंच, हे जपानचं तिकीट काढतानाच ठरलं होतं. सोबत कोणी नव्हतं आणि ते फार बरं झालं. तेप्पानयाकीच्या हॉटेलात मोठ्या लोखंडी तव्याला लागूनच काउंटर असतो, पलीकडे आचारी उभा. चौघं मिळून गेलं की जेवण गप्पांत संपतं. एकट्या माणसाचं सगळं लक्ष तव्यावर असतं, आणि पैसे त्याचेच तर मोजायचे असतात.

ओसाकाहून जेआर रेल्वेची शिन-काइसोकू, म्हणजे जलद गाडी पकडली की वीस-बावीस मिनिटांत सान्नोमिया, कोबेचं मुख्य गजबजलेलं स्टेशन, येतं. स्टेशनच्या उत्तरेला, इकुता देवळापासून कितानोच्या चढापर्यंत, स्टेकची भरपूर हॉटेलं आहेत. जायचं ते दुपारीच. मी घेतलेला दुपारचा सेट सात हजार येनच्या आसपास होता, म्हणजे साधारण चार हजार रुपये. त्याच हॉटेलात रात्रीचे कोर्स दुपटीच्या पुढे सुरू होत होते. दार उघडता उघडता पोचलात तर एकट्याला काउंटरच्या टोकाची खुर्ची सहसा मिळून जाते. दारात एक बोट वर करून 'हितोरी देस', म्हणजे 'मी एकटीच आहे', म्हटलं की भागतं. रात्रीचं आरक्षण करणार असाल तर आधी नीट वाचा, काही कोर्स किमान दोघांसाठीच असतात. आणि आरक्षण करून न जाणं तिथे फारच वाईट दिसतं; त्याचे पैसेही लावतात.

मेनूवर 'वाग्यू' आणि 'कोबे बीफ' असे वेगळे भाव दिसतील. वाग्यू म्हणजे जपानी जातींच्या जनावरांचं मांस; नुसत्या वाग्यूला कोबे बीफ समजू नका. कोबे बीफ म्हणजे कोबे ज्यात येतं त्या ह्योगो प्रांतात जन्मलेल्या आणि वाढलेल्या ताजिमा वंशाच्या जनावराचं मांस, तेही चरबीच्या जाळीला १२ पैकी किमान ६ गुण मिळाले तरच. प्रत्येक जनावराला १० आकडी क्रमांक असतो. चांगल्या हॉटेलात तो लिहून ठेवलेला असतो. सरकारी संकेतस्थळावर टाकला की जन्मतारीख आणि कुठे वाढलं ते कळतं. ताट येईपर्यंत मी तेच बघत बसले होते.

आचाऱ्यानं आधी लसणाचे पातळ काप मंद आचेवर कुरकुरीत करून बाजूला काढले. मग कच्चा तुकडा समोर धरून दाखवला, गुलाबी मांसात पांढऱ्या रेषांचं जाळं. तो तव्यावर टाकून सगळ्या बाजू शेकल्या, सुरीनं चौकोनी तुकडे केले आणि दोन-तीनच माझ्या ताटलीत सरकवले. बाकीचे खाईन तसे येत राहिले. पहिला घास नुसत्या मिठाबरोबर खा, दुसरा वासाबी या झणझणीत हिरव्या चटणीबरोबर. सॉस अगदी शेवटी, नाहीतर मांसाची गोडी कळतच नाही. सुटलेल्या चरबीत मोड आलेली कडधान्यं परततात आणि थोडे जास्त पैसे दिले तर लसणाचा भात. तो आपल्या फोडणीच्या भातासारखाच, खालची खरपूडही तशीच. घ्याच.

एकट्याला १०० ते १२० ग्रॅम पुष्कळ झालं. चरबी इतकी असते की त्यापुढे जड व्हायला लागतं. सरलॉइनऐवजी 'आकामी', म्हणजे कमी चरबीचा भाग, मागितला तर स्वस्तही पडतो. मला तोच जास्त आवडला.

सोबत घरचे असतील आणि कोणाला गोमांस चालत नसेल तर मासे किंवा भाज्यांचा कोर्स मिळतो, पण तवा बहुधा तोच असतो आणि त्याला लावलेली चरबीही गाईचीच. आरक्षणाच्या वेळीच विचारा. ते अजिबात चालणार नसेल तर दुसरीकडे जेवलेलं बरं. कोबेत भारतीय व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत, कितानोत जैन मंदिर आहे आणि भारतीय जेवणाची हॉटेलंही शहरात सापडतात.

टिप ठेवू नका, घेत नाहीत. काही ठिकाणी सेवाशुल्क आणि १० टक्के कर छापील भावात धरलेला नसतो, तेव्हा बसण्याआधी मेनूच्या तळाची ओळ वाचा. थोडे रोख येन जवळ असू द्या. कपड्यांना वास लागतो. कोट ठेवायला पिशवी देतात, ती मागून घ्या.