कॅबिनेटमधली हवा

गेली आठ वर्षे मी पुण्यात घरोघरच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल करतो. कोथरूडमधल्या एका घरातली ४०० लिटरची टाकी मी स्वतः उभी केली होती आणि चार वर्षे ती उत्तम चालली होती. मागच्या ऑगस्टमध्ये तिथे जे घडले, त्याचा हिशेब माझ्या मनात अजून पुरता लागलेला नाही.

त्या घरच्या काकांचा फोन सकाळी साडेसहाला आला. फायरफिश मरून तळाशी पडला होता आणि डॅमसेल पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकत होता. मी अकराला पोहोचेपर्यंत तोही गेला. कोरल, म्हणजे प्रवाळ, मिटून बसली होती. या टाकीत लेदर, मश्रूम आणि झोअँथस अशी मऊ कोरलच आहेत; कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि तरीही ती मागणारी गिऱ्हाइके व पुरवणारे विक्रेते भेटतात, याची मला मनापासून चीड आहे. लेदरवर मेणासारखा तकतकीत पापुद्रा आला होता. पाहणारा त्याने घाबरतो, पण तो पापुद्रा हे कोरल अधूनमधून टाकतेच. मश्रूम मात्र तोंडातून तपकिरी धागे सोडत होती, म्हणजे ज्या शेवाळावर ती जगतात तेच बाहेर टाकत होती, आणि हे लक्षण मला गंभीर वाटले.

मी पाणी तपासले. खारेपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६.५ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर प्रमाणित द्रावणावर पुन्हा जुळवून घेतला, आर.ओ.च्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, पाहिला, तोही शून्य. आकडे बिघडलेले असते तर काम सोपे झाले असते.

मासे पहाटे मरत होते, धापा टाकत मरत होते, आणि पावसामुळे घराच्या खिडक्या दिवसरात्र बंद होत्या. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो. रात्री दिवे बंद झाले की कोरलमधले शेवाळ प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागते आणि पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली जाते. मी निदान केले की प्राणवायू कमी पडतो आहे. टाकीखालच्या कॅबिनेटमध्ये सम्पशेजारी, म्हणजे पाणी गाळणाऱ्या छोट्या टाकीशेजारी, एक चांगला एअर पंप बसवला, त्याचे बुडबुडे सोडणारे दोन दगड टाकीत सोडले, बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या स्किमरची हवा पूर्ण उघडली आणि निश्चिंत मनाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे यलो टँग मेला. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत जुना मासा तोच होता.

तिसऱ्या दिवशी अमोनिया ०.५ वर आला, कारण खडकांमागे गोगलगायी मरून कुजत होत्या. माझ्याकडे २०० लिटरच्या पिंपात खारे पाणी कायम तयार असते. मीठ कालवून चोवीस तास फिरवलेले नसेल तर ते पाणी मी कुणाच्याही टाकीत घालत नाही. ते आणून पाणी बदलत असताना मी काकांना सहज विचारले की दोन्ही क्लीनर श्रिंप, म्हणजे टाकीतल्या कोळंब्या, कुठे आहेत. ते म्हणाले, “अहो, त्यांनी गेल्या आठवड्यात कात टाकली, तेव्हापासून लपल्यात.” त्यांनी नातवाला दाखवायला फोटो काढून ठेवला होता. कोळंबीची कात पोकळ आणि पारदर्शक असते, पाठीशी उसवलेली असते. फोटोतली दोन्ही शरीरे अपारदर्शक, गुलाबीसर आणि भरीव होती. पहिला मासा मरण्याच्या तीन दिवस आधी त्या मेल्या होत्या.

माशांच्या आधी कोळंबी मेली, तर संशय तांब्यावर किंवा कीटकनाशकावर घ्यावा, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या महिन्यात सांगतो. तांब्याची चाचणी शून्य आली. घरात पेस्ट कंट्रोल झालेले नव्हते. काम लांबल्यामुळे मी त्या दिवशी पहिल्यांदाच संध्याकाळी तिथे होतो. सात वाजता आजी टाकीसमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या, सुनेने कॅबिनेटचे दार उघडून आत बटण दाबले, आणि सम्पच्या वरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर डासांच्या मशीनचा लाल दिवा लागला. खालच्या मजल्यावर डेंग्यूचा रुग्ण निघाला होता, आजींच्या पायांना डास चावत होते, आणि जवळचा मोकळा सॉकेट तोच होता. सकाळी मशीन काढून आत फळीवर ठेवत, त्यामुळे मला ते कधी दिसले नाही. बाटलीवर घटक म्हणून ट्रान्सफ्लुथ्रिन हे कीटकनाशक लिहिले होते आणि मत्स्यटाक्या झाकून ठेवाव्यात, अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली होती.

स्किमर मिनिटाला कित्येक लिटर हवा ओढून तिचे बारीक बुडबुडे पाण्यात घुसळतो. ती हवा बंद कॅबिनेटमधली होती, आणि माझा एअर पंपही तीच ओढत होता.

मशीन काढले, स्किमरची नळी बाल्कनीत नेली, विष शोषून घ्यायला अर्धा किलो ॲक्टिव्हेटेड कार्बन वेगवान प्रवाहात लावला आणि दुसऱ्या दिवशी तो बदलला. त्यानंतर एकही मासा मेला नाही. लेदर नवव्या दिवशी उघडले, मश्रूमला रंग यायला दोन महिने लागले. दोन्ही क्लाउनफिश आजही आहेत. ते का वाचले, हे मला कळलेले नाही.

हे विष मोजणारी कुठलीही चाचणी माझ्या पेटीत नाही, त्यामुळे माझा पुरावा हा केवळ मृत्यूंचा क्रम आणि मशीन काढल्यानंतरची शांतता एवढाच आहे. काकांनी घरात कुणालाही दोष दिला नाही आणि आजींना कारण सांगू नका, अशी मला विनंती केली. एअर पंपाबद्दल मात्र मी काकांना स्वतःहून सांगितले. तो बसवला नसता तर टँग वाचला असता का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी “शक्य आहे” म्हणालो.