१:२४ सॉड हाउस: भिंती झाल्या, आता छप्पर

मंडळी, अमेरिकेत नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीच्या सॉड हाउसचं, म्हणजे गवतासकट कापलेल्या मातीच्या विटांच्या घराचं, चोवीसपट लहान मॉडेल खिडक्यांच्या वर आलंय. मूळ घर १६ बाय २० फुटांचं धरलंय, म्हणजे आपल्याकडे ८ बाय १० इंच. काळ १८८६ च्या आसपासचा. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने तिथल्या वस्तीकरांचे फोटो काढायला त्याच वर्षी सुरुवात केली आणि माझी सगळी भिस्त त्या फोटोंवर आहे.

सगळ्यात जास्त वेळ विटांनी खाल्ला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळायची खरी, पण त्या उघड्या माळावर बांधायला लाकूड कुठून आणणार? मग नांगराने गवताचा थर मुळांसकट उलटायचा, फूटभर रुंद नि चारेक इंच जाड. त्याचे दोन-तीन फुटांचे तुकडे पाडायचे आणि गवत खाली करून रचायचे. मुळांच्या जाळ्यामुळेच ती वीट एकसंध राहते. म्हणून कोकोपीट आणि फेव्हिकॉलच्या लगद्यात काथ्या बारीक पिंजून घातला. वीट तोडली की कडेला तंतू बाहेर येतात, तो परिणाम रंगाने साधत नाही. दोन विटा शेजारी, सांधे चुकवून, आणि दर तिसरा थर आडवा.

खिडकीकडे नीट बघा. चौकटीच्या वर मुद्दाम फट सोडली आहे. ओली माती वाळताना भिंत खाली बसते. फट नसेल तर सगळा भार चौकटीवर येऊन काच तडकते. ती फट चिंध्यांनी बुजवत. मी जुन्या सुती साडीचे धागे भरलेत. भिंत दोन फूट जाड, त्यामुळे आतला कठडा चांगला खोल. तिथे बायका कुंड्या ठेवत.

बुचरच्या एका फोटोत हिल्टन कुटुंब उघड्यावर ऑर्गन या वाद्याभोवती उभं आहे. ऑर्गन असल्याचं मैत्रिणींना कळावं, पण मातीचं घर दिसू नये, ही घरच्या बाईची इच्छा. तो फोटो मनाला फार लागतो. नीटनेटकं, गोंडस खेळण्यातलं घर करणं म्हणजे त्या बाईवर अन्याय, असं माझं ठाम मत आहे. म्हणून दाराशी शेणाच्या वाळक्या गोवऱ्या आणि पीळ घातलेल्या गवताच्या जुड्या रचल्यात. जळण तेच होतं. अंगणात हिरवळ लावणार नाही.

आता छप्पर: मधलं आढं, त्यावर विलो झाडाच्या फांद्या, वर पुन्हा तीच माती. हे छप्पर पावसात गळायचं आणि पाऊस थांबल्यावरही चिखल ठिबकत राहायचा. माती, किडे, कधी साप अंगावर पडू नयेत म्हणून आतून कापड ताणून बांधत. छप्पर उचलता येईल असं ठेवतोय, म्हणजे ते कापड दिसेल, मध्ये झोळ आलेलं, मातकट डागांचं. मलमल या मापाला जाड दिसते. कुणी याहून विरळ विणीचं कापड वापरलंय का? डागांसाठी चहाचं पाणी चालेल की पातळ अ‍ॅक्रिलिक बरं, तेही सांगा.