तुम्ही विचारलेत म्हणून : पेरणीच्या दिवसांत शाळेत येणारे मूल

जून संपत आला की नव्याने रुजू झालेले सहकारी फोन करतात, तालुक्याच्या बैठकीत भेटणारे शिक्षक बाजूला घेऊन विचारतात, आणि अलीकडे काही आयाही विचारू लागल्या आहेत : “मॅडम, शाळा सुरू होताना मुलांच्या मनाची काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे?” मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. या प्रश्नाचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते. थोडक्यात सांगायचे तर मुलाला बोलते करण्याची घाई करू नये. आधी शाळेचा दिवस त्याला भरवशाचा वाटेल असा करावा. मन मोकळे करण्याची वेळ त्यानंतर मूल स्वतःच ठरवते.

आपल्याकडे शाळा कोणत्या दिवसांत उघडते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. उर्वरित महाराष्ट्रात ती जूनच्या मध्यावर सुरू होते. विदर्भात उन्हामुळे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो, कधी १ जुलै. म्हणजे मृग सरून आर्द्रा लागलेले असते आणि गावात पेरणीखेरीज दुसरा विषय नसतो. बियाण्याची थैली कोणत्या भावाने आली, पीककर्ज मंजूर झाले की पुन्हा सावकाराचे दार गाठावे लागणार, कापसाची सरकी टोबल्यावर, म्हणजे हाताने एकेक बी लावल्यावर, पावसाने दडी मारली तर दुबार पेरणीला पैसा कुठून आणायचा, हे सारे घरात मुलांच्या देखत बोलले जाते. बहुतेक घरांत झोपायची खोली एकच असते. मुले झोपली आहेत असे समजून मोठी माणसे बोलतात आणि मुले जागी असतात. ती चिंता दुसऱ्या दिवशी वर्गात येते, पण चिंता म्हणून येत नाही. कोणाचे पोट दुखते, कोणी पहिल्याच तासाला डुलक्या घेतो, कोणी पेन्सिलीवरून शेजाऱ्याला मारतो. या मुलाला “अभ्यासात लक्ष का नाही?” असे विचारण्यात काही अर्थ नसतो, कारण ते त्यालाही ठाऊक नसते.

म्हणून पहिल्या आठवड्यात मी मुलांचे हात पाहते. टोबणीला गेलेल्या मुलाच्या बोटांना बीजप्रक्रिया केलेल्या सरकीचा रंग लागलेला असतो, नखांच्या कडांशी तो चांगला दोन-तीन दिवस टिकतो. तो रंग औषधाचा असतो, त्यामुळे खिचडीच्या आधी ती बोटे साबणाने धुतली गेलीच पाहिजेत, आणि मी त्या मुलाजवळ नळावर उभी राहते. तिथे, पाणी ओतता ओतता, “किती तास झाले काल?” एवढेच विचारते (तास म्हणजे वावरातली ओळ). वर्गात तोंड न उघडणारा मुलगा तिथे सांगतो, की बाबांनी तिकडचे वावर पडीकच ठेवले, बैल विकला, आणि आई दोन दिवसांपासून मामाकडे गेली आहे. त्यावर मी उपदेश करत नाही. ऐकून घेते आणि त्याला खिचडी वाढायच्या कामाला लावते, कारण आपला शाळेत उपयोग आहे हे मुलाला त्या घडीला फार हवे असते.

पहिल्या दिवशी सर्वांसमोर ओळख करून देण्याची आपली जुनी पद्धत आहे : नाव काय, वडील काय करतात, सुट्टीत कुठे गेला होता. ती पद्धत मनापासून सोडून द्यावी, अशी माझी सर्व सहकाऱ्यांना विनंती आहे. पश्चिम विदर्भातल्या ज्या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांनी इतकी घरे पोरकी केली, तिथे प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असू शकते, ज्याला वडिलांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर चाळीस जणांसमोर देता येणार नाही. सुट्टीचेही तसेच. कोणाची सुट्टी वीटभट्टीवर गेलेली असते, कोणाची तेंदूपत्त्याच्या मागे. त्याऐवजी “या उन्हाळ्यात हाताने कोणते काम करायला शिकलात?” असे विचारले, तर बकरी दोहण्यापासून सायकलचे पंक्चर काढण्यापर्यंत सांगण्यासारखे प्रत्येकाकडे काहीतरी असते.

ज्या मुलाचे वडील गेले आहेत, त्याच्याविषयी वर्गात “बिचारा” हा शब्द कोणाच्या तोंडून येऊ नये. दया दाखवली की बाकीची मुले त्याला वेगळे ठेवू लागतात. त्याच्या आईला मात्र एकटीला गाठून सांगावे, की क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एक पालक गमावलेल्या बालकासाठी दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, त्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि शाळेचा दाखला लागला तर तो त्याच दिवशी मिळेल. कागदपत्रांची ही मदत मी मनाच्या काळजीतच धरते, कारण आई थोडी निवांत झाली की मूल निवांत होते.

पहिलीच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो भाषेचा आहे. आमच्या भागात कोणाच्या घरी कोलामी बोलतात, कोणाच्या घरी गोंडी, बंजारा तांड्यावर गोरमाटी. मेळघाटात कोरकू आहे. ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांचीही ती वऱ्हाडी असते, पुस्तकातली नसते. तांड्यावरून आलेली एक चिमुरडी पहिले तीन दिवस दप्तर मांडीवरून खाली ठेवत नव्हती आणि दुपारपर्यंत पाणीही पीत नव्हती. पाणी प्यायले तर लघवीला जावे लागेल आणि ते सांगायचे कसे हे तिला कळत नव्हते, हा उलगडा चौथीतल्या तिच्याच तांड्यावरच्या मुलीने केला. तेव्हापासून पहिलीच्या प्रत्येक मुलाशेजारी त्याची भाषा बोलणारे वरच्या वर्गातले एक मूल पहिले काही दिवस बसते; आणि तहान, भूक, लघवी, दुखते, घरी जायचे, एवढे शब्द मी आयांकडून त्यांच्या भाषेत शिकून वहीत लिहून ठेवले आहेत. पहिलीच्या सुरुवातीच्या बारा आठवड्यांसाठी ‘विद्याप्रवेश’ हा खेळांवर आधारलेला कार्यक्रम आहे. तो उरकण्याचा विषय नाही, मुलाला शाळेत रुजू देण्यासाठी मिळालेला हक्काचा वेळ आहे.

शरीराकडे पाहिल्याशिवाय मनाचे काही कळत नाही. माय पहाटे वावरात निघून गेलेली असली, तर मूल रात्रीची भाकर खाऊन किंवा काहीच न खाता येते, आणि पोषण आहार शिजेपर्यंत त्याची चिडचिड होते. अशा मुलांसाठी मी मुरमुरे-फुटाण्यांचा डबा ठेवते. दुसरी गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. विदर्भातल्या शिक्षकाला या आजाराची माहिती असलीच पाहिजे. शरीरातले पाणी कमी झाले, पावसात भिजून थंडी बाजली किंवा अतिश्रम झाले की या मुलांचे हातपाय असह्य दुखू लागतात, आणि नवा शिक्षक ते नाटक समजतो. आशाताईंना विचारून अशी मुले वर्षाच्या आरंभीच माहीत करून घ्यावीत. त्यांना पाणी पिण्यासाठी आणि लघवीला जाण्यासाठी परवानगी मागायला लावू नये, ओल्या कपड्यांत बसवू नये, आणि दुखणे वाढले तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

स्थलांतरावरून परतलेली मुले कधी जुलैच्या मध्यावर उगवतात, हातात दाखला नसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवणे हा मुलाचा हक्क आहे. त्याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते, “इतके दिवस कुठे मेला होतास?” हे वाक्य त्या दुसऱ्या प्रकारात मोडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आया विचारतात त्याचे उत्तर लहान आहे. रात्री वेळेवर झोपवा, “मॅडमला नाव सांगते” अशी भीती घालू नका, शाळेतून आल्यावर “काय शिकवले?” याऐवजी “कोणाबरोबर खेळलास?” हे विचारा. पालकसभा मी दिवेलागणीनंतर घेते, कारण सकाळी अकराला बोलावले तर मजुरी बुडते. त्या सभेत एक गोष्ट न चुकता सांगते : फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे असू द्या. आणि मूल जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलले, अचानक अबोल झाले किंवा अंगावर वळ घेऊन आले, तर ते काम एकट्या शिक्षकाचे नाही. मुलाला एकटे सोडू नये. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ आणि संकटातल्या मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही मदत क्रमांक निःशुल्क आहेत, ते वर्गाच्या दारावर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेले असावेत.

यात अभ्यासक्रम मागे पडत नाही का, असे मुख्याध्यापक विचारतात. पडत नाही, कारण शिकवणे थांबलेले नसते. परिपाठानंतर रोज त्याच वेळी गोष्ट मोठ्याने वाचली जाते, रोज त्याच क्रमाने गणित येते, आणि सुट्टीची घंटा ठरल्या वेळी होते. ज्याच्या घरी काहीच ठरलेले राहिलेले नाही, त्या मुलाला या क्रमाचाच आधार मिळतो. खरी ओढाताण पुढे निंदणाच्या, म्हणजे तण काढायच्या, दिवसांत होते, तेव्हा मोठ्या मुली भावंडे सांभाळायला घरी राहू लागतात. त्या दिवसांत कडेवर लेकरू घेऊन आलेल्या मुलीला मी परत पाठवत नाही. तिला मागच्या दाराजवळ जागा देते, आणि दुसऱ्या दिवशी त्या लेकराला अंगणवाडीत बसवता येईल का, हे अंगणवाडीच्या ताईंशी त्याच संध्याकाळी बोलून ठरवते.