तुम्ही विचारलंत म्हणून: इम्प्लांटवरची कवळी किती वर्षं टिकते?

जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न बहुधा मुलगा किंवा सून विचारते. बाबांचे सगळे दात गेलेले, खालची कवळी बोलतानाही उचलते. इम्प्लांट बसवले की कायमची काळजी मिटेल ना?

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू. त्याच्यापुरती काळजी बरीचशी मिटते. खालच्या जबड्यात हनुवटीकडचं हाड घट्ट असतं. तिथे दोन इम्प्लांट बसवले, तर १० वर्षांनंतरही शंभरातले पंचाण्णवच्या आसपास जागेवर असतात. स्वीडनमध्ये दातांच्या इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले इम्प्लांट त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ४० वर्षं, कामात होते. वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत असतं, म्हणून तिथे किमान चार लागतात आणि भरवसा थोडा कमी.

झिजतं ते वरचं सामान. इम्प्लांटवर धातूचं बटन असतं आणि कवळीच्या आतल्या टोपीत नायलॉनची चकती. रोजच्या काढण्या-घालण्याने ती साधारण वर्षभरात सैल होते. बदलायला काही मिनिटंच लागतात. पण सैल कवळी तशीच वापरली की ती हलते, धातूचं बटनच घासलं जातं आणि खर्च वाढतो. सगळ्यात घट्ट चकतीही मागू नका. म्हाताऱ्या बोटांना ती कवळी निघतच नाही.

मागे दाढांखाली मात्र इम्प्लांट नसतो. तिथलं हाड हळूहळू झिजतं, कवळी मागे दबते आणि पुढे बटनांवर झुलते. दाढांवर बोट दाबून बघा. पुढचा भाग उचलला, तर आतून नवा थर भरून घ्यायची वेळ झाली. हे टाळलं की कवळी नेमकी बटनाच्या वर तडकते, कारण तिथेच ती सर्वांत पातळ असते. नवी करताना आत धातूची जाळी घालायला सांगा. कळण्याची भाकरी चावून प्लास्टिकचे दातही सपाट होतातच.

इम्प्लांट खरोखर हातचा जातो तो बटनाभोवतीच्या घाणीने. भरीताच्या वांग्याच्या बिया, भाकरीचा चुरा तिथे अडकतो, हिरडी सुजते, खालचं हाड खचतं आणि दुखत मात्र नाही. रक्त आलं की लगेच दाखवा. बिडी, मिश्री आणि वाढलेली साखर हे नुकसान फार वाढवतात. मऊ ब्रशने बटनाची चारही अंगं रोज दोनदा घासायची. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. आपल्याकडच्या वैशाखात कोरडी राहिली तर तिचा आकार बिघडतो, उकळत्या पाण्यातही बिघडतो.

आणि इम्प्लांटची कंपनी, माप आणि बटनाचा प्रकार डॉक्टरांकडून लिहून घ्या. चकत्या त्या-त्या बटनाच्याच लागतात. पाच वर्षांनी दुसऱ्या गावी डॉक्टर बदलले, तर तो कागद नसताना नेमकी चकती शोधण्यातच दोन-तीन खेपा जातात.